धुराड्यांतील चुकार वायु

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत ज्यांनीं एखाद-दुसरें वर्ष घालविलें आहे, त्यांना तपकिरी कड्याचा प्रयोग खास आठवत असेल. द्रावांत नायट्रेट आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांत हिराकशीचें ताजें पाणी मिसळावयाचें, आणि परीक्षानळी तिरपी धरून तिच्या कडेनें तीव्र गंधकाम्ल हळूच सोडावयाचें. दोन्ही थर जेथें भेटतात तेथें तपकिरी कडें उमटतें. हिराकशींतील लोहानें नायट्रिक ऑक्साइड वायु धरून ठेवल्याची ती खूण होय. परीक्षा संपली म्हणजे विद्यार्थी हें सारें विसरतो. परंतु विद्युत्केंद्रांच्या धुराड्यांतून सुटणारा हाच वायु कसा अडवावा, ह्या प्रश्नाचें एक उत्तर त्या कड्यांत दडलेलें आहे.

हा वायु येतो कोठून? कोळशांत थोडा नत्र असतोच. शिवाय भट्टीची आंच फार चढली म्हणजे हवेंतील एरवीं उदासीन असणारा नत्रहि प्राणवायूशीं संयोग पावतो. नायट्रिक ऑक्साइडला रंग नाहीं, म्हणून तो डोळ्यांस दिसत नाहीं. पण बाहेरच्या हवेंत त्याचें रूपांतर नायट्रोजन डायऑक्साइडमध्यें होतें. तो फुप्फुसांस झोंबतो, उन्हांत ओझोन उत्पन्न होण्यास साह्य करतो आणि शेवटीं पावसाबरोबर आम्ल होऊन खालीं उतरतो.

मग धूर पाण्यानें धुवून कां टाकूं नये? गंधकाचा वायु, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, अशा धुण्यानें पुष्कळ अंशीं जातो. नायट्रिक ऑक्साइड मात्र पाण्यास दाद देत नाहीं. हवेच्या साध्या दाबाखालीं व 20 अंश उष्णतामानांत एक लिटर पाणी सुमारें 39 लिटर सल्फर डायऑक्साइड सामावून घेतें. नायट्रिक ऑक्साइड लिटराचा विसावा हिस्साहि त्यांत मावत नाहीं. ओझोन, सोडियम क्लोराइट किंवा पोटॅशियम परमँगनेट ह्यांच्या योगानें त्याला आणखी प्राणवायु चिकटविला तर तो विरघळतो खरा; परंतु हीं द्रव्यें महाग, आणि मागें नायट्रेटयुक्त पाणी उरतें तें वेगळेंच.

म्हणून पुन्हां लोहाकडे वळावें लागतें. नुसत्या हिराकशीची पकड सैल. तापवतांच तें कडें विरून जातें. ही पकड घट्ट करणारें द्रव्य म्हणजे ई.डी.टी.ए. फर्डिनांड म्यून्झ ह्या रसायनज्ञानें 1935 सालीं त्याचें पेटंट घेतलें. खेंकड्यानें नांग्यांत भक्ष्य धरावें तसा ह्याचा रेणु लोहाचा अणु चोहोंकडून धरतो. तरीहि नायट्रिक ऑक्साइडला चिकटण्यापुरती जागा तेथें राहते. त्या जागीं तो वायु क्षणार्धांत बसतो.

खरी अडचण येथून पुढेंच आहे. धुरांत न जळलेला प्राणवायुहि शेंकडा कांहीं अंश असतो, आणि तो ह्या लोहाचें फेरिक रूप करून टाकतो. फेरिक लोह नायट्रिक ऑक्साइडला विचारीतहि नाहीं. पाहुण्यासाठीं मांडलेल्या पाटावर भलत्यानेंच येऊन बसावें, तशी ही गत! गंमत अशी कीं, धुरांतील सल्फर डायऑक्साइड पाण्यांत विरून जें सल्फाइट होतें, तेंच कांहीं लोह पूर्वस्थितीवर आणतें आणि धरलेला वायुहि सोडवून घेतें. मात्र त्यांतून नत्र व गंधक ह्यांचीं नाना संयुगें निपजतात, आणि थोडा नायट्रस ऑक्साइडहि. शंभर वर्षांच्या हिशोबानें हा वायु कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें 270 पट उष्णता कोंडतो. शिवाय वापरलेलें पाणी कोठें तरी सोडावें लागतें, आणि ई.डी.टी.ए. निसर्गांत सहजीं कुजत नाहीं. हवेंतील ब्याद पाण्यांत गेली, एवढेंच!

जपानांत 1970 नंतरच्या दशकांत अनेक ओल्या पद्धती अजमावल्या गेल्या, पण बाजी मारली ती कोरड्या पद्धतीनें. तींत सुमारें 300 ते 400 अंशांवर अमोनिया मिसळलेला धूर उत्प्रेरकावरून नेतात. नत्रवायु व वाफ एवढेंच उरतें. मोठ्या केंद्रांत आज हीच पद्धति रूढ आहे. भारतानें 2015 सालीं औष्णिक केंद्रांसाठीं ह्या वायूंची मर्यादा ठरविली, तेव्हां प्रश्न पडला तो राखेचा. येथील कोळशांत ती बहुधा शेंकडा 30 ते 45 असते, आणि तिच्या माऱ्यानें उत्प्रेरक झिजतो.

धुण्याच्या पद्धतीची आशा सुटलेली नाहीं. नेदरलंड्समधील संशोधकांनीं त्या लोहद्रावांत जीवाणु पोसले. सुमारें 55 अंश उष्णतेंत हे जीवाणु धरलेल्या वायूचा निरुपद्रवी नत्रवायु करतात आणि फेरिक लोहहि पूर्ववत् करून देतात. त्यांचें अन्न म्हणजे अल्कोहोल. आणि धुरांत प्राणवायु जितका अधिक, तितकें तें अधिक पुरवावें लागतें.