महावादळाचे दप्तर

टेक्सासच्या किनाऱ्यालगत, मेक्सिकोच्या आखातात, वाळूच्या एका चिंचोळ्या बेटावर वसलेले आणि कापसाच्या निर्यातीवर संपन्न झालेले गॅल्व्हस्टन हे बंदर १९०० साली ३७,७८९ वस्तीचे होते. त्यातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनही कमी, आणि त्या वर्षीच्या ८ सप्टेंबरच्या रात्री चक्रीवादळाने लोटलेला समुद्र पंधरा फुटांवर चढला. या दोन आकड्यांत अनर्थाचे कारण सांगून संपते. मृतांची संख्या सामान्यतः आठ हजार धरतात. परंतु त्या रात्री तेथील लोकांवर काय गुदरले हे जाणण्यास आकड्यांचा उपयोग फारसा नाही, आणि याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे : सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास हवामान कचेरीचा वायुवेगमापकच उडून गेला. त्यानंतरच्या, म्हणजे खऱ्या घोर, प्रहरांची नोंद ठेवावयास माणसांच्या स्मृतीखेरीज फारसे काही उरले नाही.

कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी त्याच महिन्यात लिहिलेला सरकारी अहवाल या दृष्टीने विलक्षण आहे. वायुभाराची मापे देता देता हा शिस्तीचा अंमलदार एकाएकी स्वतःच्या घराच्या दारात उभा दिसतो, आणि साडेसातच्या सुमारास पाणी चार सेकंदांत चार फुटांनी कसे चढले ते सांगतो. घरात आश्रयास असलेल्या सुमारे पन्नास जणांपैकी अठरा वाचले. क्लाइन यांची पत्नी त्यांत नव्हती. खात्याच्या दप्तरात असा मजकूर क्वचितच दाखल होत असेल.

सामान्य नागरिकांची पत्रे याहूनही मोलाची. मुख्य भूमीशी जोडणारे सारे पूल वाहून गेलेले आणि तारायंत्र बंद पडलेले असल्यामुळे दूरदेशीचे आप्त जिवाला घोर लावून बसले असतील, या जाणिवेने ती लिहिली गेली. इतिहासासाठी नव्हे, तर एक प्रकारचा हयातीचा दाखला म्हणून. सिद्ध लेखकाच्या कृत्रिमतेपासून ती मुक्त आहेत ती यामुळेच. हेन्री रोझेनबर्ग यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९०४ साली उघडलेल्या तेथील ग्रंथालयाने अशी पत्रे जतन केली, आणि शताब्दीच्या वर्षी, म्हणजे २००० साली, केसी ग्रीन व शेली केली यांनी ती उत्तरकालीन आठवणी आणि वृद्धांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती यांसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पत्र, आठवण आणि मुलाखत ही तीन निरनिराळी साधने आहेत, आणि ज्याच्या त्याच्या तारखेसह ती निरनिराळीच ठेवली पाहिजेत, असे माझे मत आहे.

क्लाइन यांचेच उदाहरण घ्या. लोकांना दूरध्वनीने व तोंडी इशारे दिल्याचे अहवालात आहे. पण १९४५ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात ते घोडा जुंपून समुद्रकिनाऱ्याने लोकांना सावध करीत फिरताना दिसतात. या वादळाविषयी लिहिणारे लेखक एरिक लार्सन यांनी पुढे या प्रसंगाविषयी शंका घेतली. मी त्याला असत्य म्हणण्यास धजत नाही. या शहरास चक्रीवादळाचे मोठे भय आहे ही निव्वळ भ्रांती होय, असे १८९१ साली वृत्तपत्रात लिहून बसलेल्या मनुष्याच्या मनात पंचेचाळीस वर्षे काय घोळत राहिले असेल, याचाच तो पुरावा आहे. मात्र तो १९४५ चा पुरावा, १९०० चा नव्हे. समकालीन कागदांशी रुजुवात न घालता माहिती पुढे ढकलीत गेल्यास काय होते, याचा नमुना आपल्या मुंबईचाच आहे : १८८२ साली येथे वादळात एक लक्ष माणसे दगावली असे कित्येक याद्यांत छापले गेले, आणि ते वादळ झालेच नव्हते!

कागदाहून चिवट असे साधनही असते. सेंट मेरी अनाथाश्रमातील दहा जोगिणींनी मुलांना दोरीने आपल्या अंगाशी बांधून घेतले, आणि त्यांच्याकडून सागरसम्राज्ञी मेरीचे स्तोत्र गाऊन घेतले. त्या दहाही जणी आणि नव्वद मुले बुडाली. वाचलेल्या तीन मुलग्यांनी ही हकीकत सांगितली. त्या जोगिणींच्या संघातील भगिनी दर वर्षी ८ सप्टेंबरला ते स्तोत्र आजही गातात.

हे सारे वाचताना एक उणीव मात्र खटकते. नगराचा सुमारे पंचमांश कृष्णवर्णीय होता, पण त्यांच्या हातची पत्रे अगदी थोडी. बंदुकीच्या धाकाने ज्यांना सातशेच्या आसपास प्रेते गलबतावर चढवावयास लावले, आणि समुद्रात सोडलेली ती प्रेते लाटांनी किनाऱ्यास परत आणल्यावर दहनासाठी पुन्हा वेठीस धरले, त्या मजुरांची कथा आपल्यास मुख्यत्वे इतरांच्या लेखणीतून कळते.

शतकानंतर, २००५ च्या कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले आणि तेथील सहस्रावधी निराश्रित गॅल्व्हस्टनपासून पन्नास मैलांवरच्या ह्यूस्टनमध्ये आले, तेव्हा कार्ल लिंडाल आणि पॅट जॅस्पर या लोकविद्येच्या अभ्यासकांनी निराळी तजवीज केली. प्रश्न विचारावयास त्यांनी पंडित पाठविले नाहीत. वादळातून वाचलेल्यांनाच ध्वनिमुद्रणाचे शिक्षण व त्या कामाचा मोबदला दिला, आणि वाचलेल्याने वाचलेल्याची हकीकत ऐकून घ्यावी, अशी रीत पाडली.