जुना संगणक व नवी एस.एस.डी.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हुपरी हें गांव चांदीच्या दागिन्यांसाठीं सर्वदूर प्रसिद्ध आहे. तेथील पैंजणांमागें कारागिराचा हात जसा असतो, तसा वजनाचा चोख हिशेबहि असतो. कोणास किती चांदी दिली, तिचे किती दागिने परत आले, घट किती धरली, मजुरी किती झाली, ह्या नोंदींवरच धंद्यांतील विश्वास उभा राहतो. पूर्वीं ह्या नोंदी चोपडींत होत असत. आज पुष्कळ पेढ्यांवर त्या संगणकांत होतात. हा संगणक दहा वर्षांचा झाला, कीं सकाळीं सुरू होण्यासच तो बराच वेळ घेऊं लागतो व नवें यंत्र घेण्याचा विचार मनांत येतो. परंतु अनेकदां दोष सबंध यंत्राचा नसून त्यांतील फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागीं एस.एस.डी. बसविली, तर तेंच यंत्र आणखी कांहीं वर्षें सुखानें चालतें. मात्र जुन्या मदरबोर्डाच्या मंद स्लॉटसाठीं कोणती एस.एस.डी. निवडावी, हें समजून घेतलें पाहिजे.

चांदीची तार ओढणारा कारागीर जाणतो, कीं मूळची कांब कितीहि जाड असली, तरी पोलादी पट्टीचें भोंक जेवढें, तेवढीच तार निघावयाची. माहितीच्या प्रवाहाचेंहि तसेंच आहे. साटा जोडणीच्या तीन पिढ्यांची मर्यादा सेकंदास अनुक्रमें १५०, ३०० व ६०० मेगाबाइट अशी आहे. तिसऱ्या पिढींत सुमारें ५५० मेगाबाइटनें चालणारी एस.एस.डी. दुसऱ्या पिढीच्या जोडणींत ३०० च्या आंतच राहते. एम.२ ह्या चपट्या स्लॉटची गोष्ट अधिक फसवी आहे. कांहीं एम.२ स्लॉट केवळ साटाच जाणतात, कांहीं पीसीआय एक्सप्रेस, तर कांहीं दोन्ही. २०१४ च्या सुमाराच्या कित्येक मदरबोर्डांवर ह्या स्लॉटास दुसऱ्या पिढीच्या दोनच लेन दिलेल्या असत. त्यांतून प्रत्यक्षांत सुमारें ८०० मेगाबाइट जातात. सेकंदास ७,००० मेगाबाइट वाचणारी महाग एनव्हीएमई एस.एस.डी. तेथें बसेल, चालेलहि. पण वेग ८०० चाच मिळेल.

तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं. हार्ड डिस्कला हवी ती नोंद शोधण्यास सुमारें दहा मिलिसेकंद लागतात, तर एस.एस.डी.ला त्याच्या शंभरावा भाग पुरतो. संगणक सुरू होतांना किंवा हिशेब उघडतांना असे हजारों लहान शोध घ्यावे लागतात. खरा लाभ येथेंच होतो, व तो अरुंद स्लॉटांतहि बहुतेक पुरा मिळतो.

म्हणून खरेदीपूर्वीं मदरबोर्डाची माहितीपुस्तिका उघडून तीन गोष्टी पहाव्या: स्लॉट साटाचा कीं एनव्हीएमईचा, त्यांत किती लांबीची पट्टी बसते, आणि एनव्हीएमईवरून संगणक सुरू होतो कीं नाहीं. जुन्या बायॉसला तें बहुधा साधत नाहीं. तेथें अडीच इंची साटा एस.एस.डी. हाच सरळ मार्ग. वेगाच्या मोठ्या आंकड्यासाठीं जादा पैसे देण्यापेक्षां ते अधिक साठवणुकीवर, दीर्घ हमीवर व लिहिण्याच्या टिकाऊपणावर खर्चावे. एका पेशींत चार बिट कोंबणाऱ्या क्यूएलसीपेक्षां तीन बिट ठेवणारी टीएलसी सामान्यतः अधिक टिकते. लवकरच नवा संगणक घ्यावयाचा असेल व जुना एनव्हीएमई स्वीकारीत असेल, तर मात्र थोडी वेगवान घेणें शहाणपणाचें. ती पुढें नव्या यंत्रांत पूर्ण वेगानें चालेल.

शेवटीं एक सावधगिरी. हार्ड डिस्क मोडण्यापूर्वीं कधीं कधीं खडखडते, एस.एस.डी. मात्र कांहीं सूचना न देतां एकाएकीं मूक होऊं शकते. चांदीच्या व्यवहारांत हरवलेली नोंद म्हणजे दोन घरांमधील तंटा. यास्तव नवी एस.एस.डी. बसविण्यापूर्वीं सर्व हिशेबाची प्रत करावी, जुनी हार्ड डिस्क लगेच टाकून देऊं नये, आणि पुढेंहि एक ताजी प्रत संगणकाबाहेर नित्य ठेवावी.