प्रबंधलेखनात अनवधानाने घडणारे वाङ्मयचौर्य

कृषी विषयांतील पदव्युत्तर प्रबंधात वाङ्मयचौर्याचा धोका निष्कर्षांपेक्षा ‘सामग्री व पद्धती’ या प्रकरणात अधिक संभवतो. मातीतील सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने (१९३४) आणि उपलब्ध नत्र सुब्बय्या-आसिजा पद्धतीने (१९५६) निश्चित केल्याचे असंख्य विद्यार्थ्यांना लिहावयाचे असते. विभागातील जुना प्रबंध हाताशी असतो. त्यातील परिच्छेद जसाच्या तसा उतरतो. मूळ शास्त्रज्ञांचे नाव दिले म्हणजे ऋण फिटले, अशी प्रामाणिक समजूत असते. वस्तुतः नाव पद्धतीच्या जनकांचे असते आणि वाक्ये मात्र आधीच्या विद्यार्थ्याची.

येथे हानी केवळ श्रेयाची होत नाही. वॉकली-ब्लॅक पद्धतीत संपूर्ण कर्बाचे ऑक्सिडीकरण होत नाही; म्हणून आलेल्या आकड्यास सुमारे १.३ने गुणण्याचा प्रघात आहे, परंतु तो सर्वत्र पाळला जात नाही. उसन्या परिच्छेदात गुणल्याचा उल्लेख असेल आणि प्रत्यक्षात गुणले नसेल, तर ०.५० टक्के कर्ब वस्तुतः ०.६५ टक्के आहे, हे वाचकास कळण्याचा मार्गच उरत नाही.

दुसरे कारण टिपणवहीत दडलेले असते. वाचताना एखादे वाक्य उतरवून घेतले जाते, अवतरणचिन्हे राहून जातात आणि काही महिन्यांनी ते वाक्य स्वतःचेच वाटू लागते. संदर्भ न देता चार शब्द बदलणे किंवा इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद करणे, हेही चौर्यच. अनुवाद संगणकप्रणालीच्या नजरेतून अनेकदा सुटतो, एवढेच. लेख मिटून आशय स्वतःच्या शब्दांत लिहावा व नंतर मुळाशी ताडून पाहावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध कमाल सहा महिन्यांत द्यावा लागतो. ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष तो सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणी रद्द होते. संदर्भसूची, प्रमाणित सूत्रे आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर यांतून वगळला जातो. तथापि, नऊ टक्के साम्य म्हणजे निर्दोष लेखन नव्हे. ते नऊ टक्के कोठे आहेत, हे मार्गदर्शकाने पाहणे आवश्यक असते.

पद्धत प्रमाणित असल्यास एका वाक्यात तिचा संदर्भ पुरतो. उरलेली जागा आपण प्रत्यक्ष काय केले यासाठी वापरावी: नमुना किती ग्रॅम घेतला, माती कोणत्या चाळणीतून चाळली, गुणक वापरला की नाही.