कोळशाची सिरॅमिक शेगडी नवी घेतली? पहिल्यांदा पेटवण्याआधी हे वाचा

अलिबाग : शनिवार-रविवारी मुक्कामाला येणारे पर्यटक आता खोलीचं भाडं विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारतात, "बार्बेक्यूची सोय आहे का?" त्यामुळे अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडचे घरगुती निवासवाले आणि कर्जत, माणगावकडचे कृषी पर्यटनवाले अंड्याच्या आकाराची जाड सिरॅमिक शेगडी घेण्याचा विचार करू लागले आहेत. आकार आणि कंपनीप्रमाणे तिची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. एवढे पैसे घालायचे आणि पहिल्याच महिन्यात शेगडीला तडा गेला किंवा पाहुण्याचा हात भाजला, तर धंदा आणि नाव दोन्ही जातं. म्हणून ही वस्तू काय आहे, घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस ती कशी वापरायची आणि बरोबर कोणतं सामान घ्यायचं, याची माहिती खाली दिली आहे.

ही शेगडी आली कुठून?

या प्रकाराला 'कामाडो' म्हणतात. जपानी भाषेत कामाडो म्हणजे चूल. जपानमध्ये भात शिजवायला झाकणाची मातीची चूल वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकी सैनिकांनी अशा चुली मायदेशी नेल्या. मातीची चूल तडकायची, म्हणून पुढे जास्त उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या शेगड्या आल्या. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात १९७४ साली सुरू झालेल्या 'बिग ग्रीन एग' या कंपनीमुळे हा आकार जगभर माहीत झाला. आज अनेक कंपन्या अशा शेगड्या बनवतात.

आपल्याकडच्या तंदूरशी तिचं जवळचं नातं आहे. भिंत जाड असल्यामुळे उष्णता आत धरून राहते आणि कोळसा कमी लागतो. फरक झाकणाचा आणि हवेच्या दोन वाटांचा. बुडाला एक सरकती झडप असते, तिथून हवा आत येते. झाकणाच्या टोकाला एक चकती असते, तिथून धूर बाहेर पडतो. या दोन वाटा किती उघड्या, त्यावर आतला ताव ठरतो. सगळी मेख इथेच आहे. आपल्याला लाकूड पुढे-मागे सारून ताव सांभाळायची सवय असते. इथे कोळसा एकदाच भरायचा आणि नंतर फक्त हवा कमी-जास्त करायची.

खोका उघडताना

गाडीवाला दारात असतानाच खोका उघडा आणि मोबाईलवर सलग व्हिडिओ घ्या. बूड, झाकण, आतलं कोळशाचं भांडं, प्रत्येक भाग फिरवून बघा. रंगाच्या काचेसारख्या थरावर केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नका, त्या वरवरच्या असतात. पण आरपार तडा असेल तर तिथेच सांगा. बिल आणि हमीचं कार्ड फाईलला लावून ठेवा.

मोठ्या आकाराची शेगडी ७० किलोच्या आसपास भरते. उचलण्याआधी आतले भाग बाहेर काढा आणि दोघांनी मिळून उचला. बाजूच्या लाकडी फळ्यांना किंवा झाकणाच्या मुठीला धरून उचलायची नाही. गरम असताना तर जागेवरून हलवायचीच नाही.

ठेवायची कुठे?

- उघड्या अंगणात, सपाट आणि पक्क्या जागेवर. लाकडी टेबलावर ठेवायची असेल तर खाली फरशी किंवा सिमेंटचा ठोकळा हवाच.
- कडबा, पेंढा, गोठा, मांडवाचं कापड आणि प्लास्टिकच्या छतापासून लांब.
- पोरं खेळतात त्या वाटेवर नको. बाहेरची भिंतही तापते आणि बराच वेळ गरम राहते.
- घरात, बंद पडवीत, तंबूत किंवा गाळ्यात कधीच नको. याचं कारण पुढे दिलं आहे.

कोळसा कोणता?

लाकडी कोळसाच घ्या, तोही मोठ्या खड्यांचा. दगडी कोळसा चुकूनही घालू नका, त्याचा धूर अन्नाला लागणं धोक्याचं आहे. भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या राख फार करतात आणि खालची भोकं बुजतात.

कोकणात काजूची टरफलं जळणाला सहज मिळतात. ती या शेगडीत नकोत. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि धुराने डोळे, घसा चुरचुरतो. कण्हेर, बिब्बा, रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड यांपैकीही काही नको. धुराचा वास हवा असेल तर आंब्याच्या सुक्या लाकडाचे दोन-तीन तुकडे पुरतात.

रॉकेल, पेट्रोल किंवा पेटवायचं द्रव वापरू नका. भडक्याचा धोका आहेच, शिवाय सिरॅमिक तो वास शोषून घेतं आणि मग कित्येक दिवस चिकनला रॉकेलचा वास येतो. नारळाचं सुकं सोडण किंवा खाण्याच्या तेलात बुडवलेला कापसाचा बोळा कोळशाच्या मधोमध ठेवून पेटवा.

पहिला दिवस : स्वयंपाक नाही, फक्त तापवणं

नवी शेगडी आणली की लगेच कोंबडी लावायची घाई होते. ती करू नका. झाकण आणि बूड जिथे टेकतात तिथे पट्टी चिकटवलेली असते, तिला गॅस्केट म्हणतात. पहिल्याच दिवशी जोराचा ताव दिला तर तिचा डिंक सुटतो आणि पट्टी निघून येते. सिरॅमिकमध्ये थोडी ओल असेल तर तीही हळूहळू जायला हवी.

१. कोळशाचं भांडं निम्मंच भरा. मोठे खडे खाली, बारीक वर. चुरा टाकू नका.
२. मधोमध एकाच जागी पेटवा. दहा मिनिटं झाकण उघडं ठेवा.
३. झाकण लावा. खालची झडप बोटभर आणि वरची चकती थोडीशी उघडी ठेवा.
४. काटा १२० ते १५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान एक-दोन तास राहू द्या.
५. मग खाली-वर दोन्ही बंद करा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.
६. पूर्ण थंड झाल्यावर झाकणाभोवतीच्या लोखंडी पट्ट्याचे नट पान्याने तपासा. तापून-निवून ते सैल होतात. पट्टा ढिला राहिला तर झाकण निसटून फुटू शकतं.

पुढचे चार-पाच वेळचे स्वयंपाकही १८० अंशांच्या आतच करा.

एक गोष्ट नीट बघा. बऱ्याच शेगड्यांचा काटा फॅरनहाईटमध्ये असतो. काट्यावर ३५० दिसलं म्हणून घाबरू नका, ते १७७ सेल्सिअस आहे. २२५ म्हणजे १०७ आणि ५०० म्हणजे २६०. काटा बरोबर आहे का हे बघायला त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. किनारपट्टीच्या गावात तो १०० सेल्सिअस, म्हणजे २१२ फॅरनहाईट दाखवायला हवा.

ताव सांभाळायचा कसा?

ही शेगडी तापते लवकर, पण निवते फार सावकाश. भिंती एकदा तापल्या की हवा कमी केली तरी काटा तासभर खाली येत नाही. म्हणून हव्या त्या तापमानाच्या २०-३० अंश आधीच झडप आणि चकती कमी करायला लागा. एका वेळी थोडंच सरकवा आणि दहा मिनिटं थांबा. सारखं खाली-वर करणाऱ्याचा ताव कधीच जमत नाही. प्रत्येक शेगडीचा स्वभाव वेगळा असतो. झडप किती उघडी होती आणि काटा कुठे थांबला, हे पहिले काही दिवस वहीत लिहून ठेवा.

- ११० ते १२० अंश : मटणाची रान किंवा मोठा तुकडा, सावकाश, पाच-सहा तास. एकदा भरलेला कोळसा इतक्या मंद तावावर दहा-बारा तासही चालतो.
- १७० ते १८० अंश : अख्खी कोंबडी. दीड किलोला साधारण सव्वा ते दीड तास.
- २०० ते २५० अंश : बांगडा, कोळंबी, पनीर, मक्याची कणसं, भरताची वांगी.
- ३०० अंशांच्या आसपास : पिझ्झा. हा ताव पहिल्या महिन्यात नको.

चिकन झालं की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नका. बाहेरून काळं आणि हाडाजवळ कच्चं, असं बऱ्याचदा होतं. टोचायचा थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता घाला. ७४ अंश झाले की चिकन खायला सुरक्षित. पाहुण्यांना वाढताना हा नियम मोडू नका.

कोणतं सामान आधी, कोणतं नंतर?

दुकानदार सगळंच गळ्यात मारतो. सुरुवातीला एवढं पुरे :

१. उष्णता अडवणारी सिरॅमिक तबकडी. ती नसेल तर विस्तव थेट अन्नाखाली येतो. बांगडा, कणसं यांना ते चालतं. अख्खी कोंबडी मात्र तबकडीशिवाय खालून करपते. तबकडीवर एक पसरट भांडं ठेवलं की गळणारी चरबी त्यात जमते.
२. टोचायचा थर्मामीटर.
३. मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड हातमोजे आणि लांब चिमटा.
४. राख ओढायची सळई आणि राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा.
५. पावसाळ्यासाठी आवरण.

पिझ्झाचा दगड, बिडाची जाळी, दुसरा मजला, फिरती सळई हे सगळं नंतर, गिऱ्हाईक मागू लागल्यावर घ्या. जाळी घासायला तारेचा ब्रश वापरणार असाल तर सांभाळा. तार तुटून जाळीला चिकटली तर अन्नातून पोटात जाऊ शकते. गरम जाळीवर चिमट्यात धरून अर्धा कांदा घासला तरी काम होतं. सिरॅमिकला साबण लावायचा नाही.

झाकण उघडताना भडका उडतो

हवा कमी असताना आतला विस्तव हवेसाठी आसुसलेला असतो. अशा वेळी झाकण एकदम उघडलं की हवा आत घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते. भुवया, केस, हात क्षणात भाजतात. म्हणून झाकण आधी फक्त दोन बोटं उचला, दहा आकडे मोजा, मग सावकाश उघडा. बाजूला उभे राहा. पदर, ओढणी किंवा नायलॉनचे ढगळ कपडे घालून जवळ जाऊ नका. भाजलंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट लावू नका. भाजणं मोठं असेल तर थेट दवाखाना गाठा.

विझवायला पाणी नाही

तापलेल्या सिरॅमिकवर पाणी पडलं की ते तडकू शकतं आणि वाफेने हातही भाजतो. खालची झडप आणि वरची चकती बंद करा, हवेअभावी विस्तव आपोआप विझतो. उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावरच काढा. राखेत निखारा एक दिवसही जिवंत राहू शकतो. ती राख उकिरड्यावर किंवा पेंढ्याजवळ टाकली तर आग लागायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यात शेगडी बरेच दिवस बंद राहिली तर आत बुरशी येते. उरलेला कोळसा काढून घ्या, झडप थोडी उघडी ठेवा आणि वरून आवरण घाला. पाऊस सरल्यावर पहिल्या दिवसासारखाच मंद विस्तव करून आधी सुकवा. मग एकदा जोराचा ताव देऊन बुरशी जाळा, जाळी घासा आणि त्यानंतरच स्वयंपाकाला घ्या.

सर्वात महत्त्वाचं : बंद जागेत कोळसा म्हणजे जिवाशी खेळ

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही आणि झोपेतच जीव जातो. दार-खिडक्या लावून खोलीत शेगडी घेऊन झोपल्यामुळे आपल्या देशात दर थंडीत माणसं दगावतात.

सिरॅमिक शेगडीत आणखी एक फसवणूक आहे. झाकण लावलं, झडप बंद केली की ती विझल्यासारखी दिसते. धूर नाही, ज्वाळा नाही. पण आत कोळसा काही तास धुमसत असतो आणि वायू झिरपत असतो. पाऊस आला म्हणून ती पडवीत ओढणं किंवा ऊब मिळेल म्हणून पाहुण्यांनी तंबूत मागितली तर देणं, हे दोन्ही टाळा. पाहुणे कितीही आग्रह करोत, इथे नाहीच म्हणा.

कोळशाजवळ असताना डोकं दुखू लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर ते दमल्यामुळे आहे असं समजू नका. माणसाला लगेच मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

परवडतं का?

महिन्यातून एखादाच मुक्काम असेल तर साधी लोखंडी शेगडी पुरे. दर आठवड्याला पाहुणे असतील तर सिरॅमिक शेगडी कोळसा वाचवते आणि नीट वापरली तर अनेक वर्षं टिकते. थंडीतल्या पोपटीची जागा मात्र ती घेणार नाही. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि मडकं यांची चव वेगळीच, आणि शहरातला पाहुणा खरं तर त्यासाठीच येतो. दोन्ही ठेवलंत तर उत्तम.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पहिल्या दिवशी मंद ताव, स्वयंपाक नाही.
- थंड झाल्यावर पट्ट्याचे नट आवळा.
- लाकडी कोळसाच, रॉकेल नको.
- झाकण आधी दोन बोटं, मग पूर्ण.
- विझवायला पाणी नको, हवा बंद करा.
- चिकन ७४ अंश.
- शेगडी कायम उघड्यावर, विझल्यासारखी दिसली तरीही.

ही यादी छापून शेगडीजवळ लावा. स्वयंपाकाला असणाऱ्या मावशींना आणि मदतीच्या पोरांनाही वाचून दाखवा, कारण झाकण बहुतेक वेळा तेच उघडतात. माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर नक्की पाठवा.