घरापुढची लहान बाग

व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, तेच दिवस बागेची खरी परीक्षा घेणारे असतात. बागेविषयी बोलावयाचे तर श्रावणात बोलावे, असे पुष्कळांना वाटते. पण श्रावणात सगळ्यांचीच बाग चांगली असते. त्या महिन्यात कुंपणाला टेकून ठेवलेली ओली काठीसुद्धा पालवते. पुण्यात जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. तेथून माणूस दोन्ही हातांत रोपे घेऊन घरी येतो, तेव्हाही हवा अशी असते की काहीही जगावे. आम्ही असे सुचवू की, आपली बाग कशी आहे हे ठरवावयाचे असेल तर आज सायंकाळी घरी परतल्यावर, फाटकाची कडी काढताना, दिव्याच्या उजेडात तिच्याकडे एकदा पाहावे. वैशाखात जे तग धरून आहे तेवढेच आपल्याला झेपते, असे समजण्यास हरकत नाही.

ज्यांच्याकडे माळी आहे, विहीर आहे आणि घराभोवती अर्धा एकर मोकळी जागा आहे, त्यांच्यासाठी हे विवेचन नाही. आमच्यापुढे आहे ते घर आणि रस्ता यांच्यामधले बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब अंगण. त्यातच फाटक, पाण्याचे मीटर, ड्रेनेजचे चेंबर आणि स्कूटर. घरात बहुधा दोन माणसे, दोघेही साठीच्या पुढची. मुले परगावी किंवा परदेशी. अशा घरी बाग आखताना पहिला प्रश्न कोणती फुले लावावीत हा नसतो. आठवड्यातून किती तास आपण बागेला देऊ शकतो, आणि दहा वर्षांनी गुडघे दुखू लागल्यावर किती देऊ शकू, हा पहिला प्रश्न. आमच्या मते दोन तास हे उत्तर प्रामाणिक आहे. पुढचे सर्व काही या दोन तासांत बसवावयाचे आहे.

लहान अंगणाचे दोन तास कोण खाते? पहिली हिरवळ. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्यांपुढे हिरवळ आली आणि तेव्हापासून ती प्रतिष्ठेची खूण होऊन बसली. ज्या देशात बाराही महिने भुरभुर पाऊस पडतो तेथे ती आपोआप वाढते. दख्खनच्या पठारावर पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर एवढाच. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपले अंगण २४० चौरस फूट, म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी राखावयाची तर रोज पाच मिलिमीटर तरी पाणी हवेच. म्हणजे रोज ११० लिटर, सात मोठ्या बादल्या. त्याच अंगणात मुळे धरलेला एक लहान वृक्ष आणि पाच झुडपे असतील, तर प्रत्येकाला आठवड्यातून एकदा वीस लिटर पाणी पुरेसे होते. म्हणजे आठवड्याचे १२० लिटर. हिरवळ एका दिवसात जेवढे पिते तेवढ्यात झुडपांचा आठवडा निघतो. ज्या शहरात उन्हाळा आला की पाणी एक दिवसाआड सुटण्याची चर्चा सुरू होते, तेथे या आकड्यांवर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. आम्ही स्वतः दोनदा हिरवळ लावली आणि दोनदा घालवली. दुसऱ्या खेपेस तिच्या जागी गाजरगवत आले. हे गवत आपल्या देशात प्रथम दिसल्याची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्याचीच आहे, हा आमच्या शहराचा एक नकोसा मान.

दुसरा चोर म्हणजे कुंडी. एक कुंडी फार गोजिरवाणी असते. पण जमिनीतले झाड आपली मुळे खाली पाठवून ओल शोधते, कुंडीतले झाड सर्वस्वी आपल्या तोंडाकडे पाहते. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडून जाते, म्हणून मे महिन्यात तिला रोज पाणी लागते, लहान असेल तर दोन वेळा. चाळीस कुंड्या म्हणजे चाळीस तोंडे. मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर गावाला जावे लागले, की शेजाऱ्यांच्या हाती किल्ली देताना या चाळीस तोंडांची यादी सांगावी लागते, आणि शेजारी कितीही सज्जन असला तरी परत आल्यावर वीसच शिल्लक राहतात. कुंड्या ठेवू नयेत असे नाही. दाराशी दोन-तीन ठेवाव्यात. मात्र त्यांच्याखालच्या बशीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून बशी घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

मग कंटाळून माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि सगळे अंगण फरसबंद करून टाकतो. हे अलीकडे फारच वाढले आहे. वरवर पाहता यासारखे बिनकामाचे काही नाही. पण ती फरशी दिवसभर ऊन पिते आणि रात्री दहा वाजेपर्यंत खिडकीतून आपल्या खोलीत सोडत राहते. पावसाचे पाणी मुरत नाही, ते रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या जोत्याकडे धावते. शिवाय सांध्यांतून पिंपळ आणि उंबर यांची रोपे उगवतात ती उगवतातच. निम्मी फरशी आणि निम्मी माती असा आमचा हिशेब आहे, आणि तो बरा चालतो.

फरशीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्यात आमच्या घरचा एक प्रसंग आहे. आम्ही फाटकापासून पायरीपर्यंत गुळगुळीत घासलेली शहाबादी फरशी घातली होती. दिसावयास छान. एका बाजूला मेंदीचे कुंपण वाढत गेले, ते वेळेवर छाटले नाही, त्यामुळे वाटेवर ऊन येईनासे झाले आणि पावसाळ्यात शेवाळ धरले. आमची आत्या, वय सत्तरीच्या पुढे, भाद्रपदात गणपतीसाठी सकाळी दूर्वा खुडावयास उतरली आणि त्या फरशीवरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पुढे ती काठीशिवाय चालली नाही, आणि पुन्हा अंगणातही उतरली नाही. फरशी आम्हीच निवडली होती, कुंपणही आम्हीच वाढू दिले होते.

तेव्हा वाट कशी असावी? किमान चार फूट रुंद. म्हणजे दोन माणसे शेजारून जातात आणि पुढेमागे कोणाला चाकाची खुर्ची लागली तरी ती फिरते. शहाबादी घ्यावी ती न घासलेली, खडबडीत. घराकडून फाटकाकडे दर पाच फुटांस एक इंच उतार असावा, नाहीतर पाणी पायरीशी साचते. वाट सोडून उरलेल्या फरसबंद जागेत, जेथे स्कूटर उभी करावयाची तेथे, फरशी सिमेंटवर न बसवता दाबलेल्या मुरुमावर आणि खडीच्या कचेवर बसवावी आणि सांधे मोकळे ठेवावेत. पाणी तेथून मुरते. वाटेच्या कडेला फूटभर जागा सोडून मगच झाड लावावे. रोप लहान असताना हे अंतर उधळपट्टी वाटते. तीन वर्षांनी वाटत नाही.

आता दिशा. जागा पूर्वेकडे तोंड करून असेल तर भाग्य समजावे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली बहुतेक झाडांना मानवते. पश्चिमेचे अंगण सर्वांत कठीण, तेथे दुपारी दोन ते सहा भट्टी पेटलेली असते. उत्तरेच्या अंगणाविषयी मात्र लोकांची फसगत होते. तेथे ऊन नसतेच असे समजतात. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात उत्तरेच्या अंगणालाही ऊन असते. उलट डिसेंबरात वीस फूट उंच घराची सावली भर दुपारी सुमारे अठरा फूट पडते आणि बारा फुटांचे अंगण पूर्ण झाकून टाकते. म्हणून थंडीत फुलणारी शेवंती अशा अंगणात हटकून रुसते, आणि दोष बिचाऱ्या खताला मिळतो.

झाडे निवडताना वैशाख डोळ्यांपुढे ठेवावा, असे आम्ही आरंभीच सुचवले. या कसोटीस पूर्ण उतरणारा एक लहान वृक्ष म्हणजे पांढरा चाफा, ज्याला कोणी देवचाफा म्हणतात, कोणी खुरचाफा. त्याच्या जाड फांद्या पाणी धरून ठेवतात; कोरड्या दिवसांत तो पाने टाकून देऊन आपली गरजच कमी करतो, आणि उन्हाळ्यात बोडक्या फांदीवर फुलतो. त्याच्या मुळांचा घराला सहसा उपद्रव नाही. पारिजातकही चालेल, उन्हाळ्यात तो केविलवाणा दिसतो, पण पहिल्या पावसाने सावरतो, आणि पाऊस सरताना सकाळी दारात जो सडा पडतो त्यासाठी तेवढे सोसावे. दोहोंपैकी एकच लावावा. आंबा, नारळ, वड, उंबर यांना बारा फुटांच्या अंगणात स्थान नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी नातवाने कोय पुरली म्हणून कौतुकाने वाढू दिलेल्या आंब्याने कुंपणाची भिंत पाडली. तोपर्यंत नातवाला झाड तोडवत नव्हते आणि आजोबांना भिंत बांधवत नव्हती.

झुडपांत तगर पहिली. ती जवळजवळ वर्षभर फुलते, पूजेला चालते आणि कशीही छाटली तरी मनात ठेवत नाही. पिवळी कोरांटी काटेरी असते, पण पाणी मागत नाही. कुंद थंडीत फुलतो. मोगरा उन्हाळ्याचा राजा. थंडीत पाणी तोडून, छाटणी करून, मग खतपाणी दिले की चैत्र-वैशाखात भरभरून येतो. जास्वंद गणपतीसाठी एक असावी, एकच, कारण तिच्यावर पिठ्या ढेकूण फार आणि पाणीही तिला इतरांहून अधिक लागते. सावलीच्या कोपऱ्यात अबोली. बोगनवेल भिंतीवर चढवावी, फाटकावर नको, कारण काटे पाहुण्यांच्या बाह्या धरतात. आणि ती फुलत नसेल तर बहुधा आपण पाणी जास्त घालत आहोत असे समजावे. कण्हेर कोरड्या हवेस अत्यंत काटक खरी, पण तिचे सर्व भाग विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्याही तशाच. ज्या घरी लहान मुले येतात तेथे ती नको. कढीलिंब हवाच असतो, तो कोपऱ्यात लावावा आणि मुळांपासून सगळीकडे उगवणारी पिल्ले वर्षातून दोनदा काढावीत. तुळशीविषयी आम्ही काही सांगावे असे नाही. फक्त मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर ती अधिक दिवस टिकते.

मातीकडे दुर्लक्ष होते. नव्या घरापुढच्या जमिनीत विटांचे तुकडे, सिमेंट आणि चुना पुरलेला असतो. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो राडारोडा काढून टाकावा आणि चांगली माती व पूर्ण कुजलेले शेणखत भरावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळे कुरतडतात. वाफ्याची माती घराच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली असावी आणि भिंतीपासून दोन फूट वाफा नसावाच. ओल आणि वाळवी या दोन्ही पाहुण्या तेथूनच घरात येतात. झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा, तो जाळू नये. या एका गोष्टीने पाणी आणि तण काढण्याचे श्रम दोन्ही कमी होतात. थर मात्र खोडाला चिकटू देऊ नये.

लावणीचा काळ जून अखेर ते जुलै. मृगाचा एक चांगला पाऊस जमिनीत मुरू द्यावा, मग लावावे. म्हणजे मुळांना चार महिने फुकटचे पाणी मिळते. जानेवारीत लावलेल्या रोपाला हे चार महिने मिळत नाहीत, आणि म्हणूनच प्रदर्शनातून आणलेली रोपे मे महिन्यात दगावतात. पहिले दोन उन्हाळे मात्र आठवड्यातून दोनदा पाणी द्यावेच लागेल. झारीने रोज शिंपडण्यापेक्षा एकदाच, सावकाश, खोलवर द्यावे. वरवर शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी कोमेजतात. बुडाशी न भाजलेले नव्हे, साधे भाजलेले सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून झाकून ठेवले, तर चार-सहा दिवसांची गैरहजेरीही निभते.

एवढे झाल्यावर दोन तासांपैकी काही मिनिटे उरतात. त्यांच्यासाठी आम्ही मे-लिलीचे कंद सुचवू. पायरीच्या कडेला पाच-सहा कंद चार बोटे खोल पुरून विसरून जावे. वर्षातले सहा-सात महिने तेथे काहीच दिसत नाही, म्हणून जागेवर खुणेचा दगड ठेवावा, नाहीतर आपणच कुदळ मारतो. मे महिन्यात, वळवाच्या सरीच्या मागेपुढे, जमिनीतून सरळ एक दांडा वर येतो आणि त्यावर लालभडक चेंडू उमलतो. पाने मागाहून येतात. आमच्याकडे यंदा तीन आले आहेत.