१२० हॉर्सपॉवरची छोटी गाडी अलिबाग-मुरुड रस्त्यावर नेमकं काय वेगळं करते?

७ जून २०२४. टाटा मोटर्सनं ‘अल्ट्रोझ रेसर’ बाजारात आणली. भडक केशरी रंग, काळं छत, बॉनेटवरून मागं गेलेले पांढरे पट्टे आणि जरा घुमणारा सायलेन्सर. एक्स शोरूम किंमत ९ लाख ४९ हजारांपासून १० लाख ९९ हजारांपर्यंत. गाडी बनली आपल्या पुण्यातच.

अशी गाडी आली की सोशल मीडियावर दोन गट पडणार हे ठरलेलं. एक गट म्हणतो, ‘पट्टे चिकटवून जास्तीचे पैसे घेतात.’ दुसरा गट म्हणतो, ‘आता मोठमोठ्या एसयूव्हीला पाणी पाजणार.’

कोण बरोबर, हे ब्रोशरवरून कळत नाही. त्यासाठी रस्ता लागतो. आणि अशा गाड्या विकत घेणारं पुण्या-मुंबईचं पब्लिक ज्या रस्त्यावर शनिवारी हमखास सापडतं तो रस्ता म्हणजे अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद आणि पुढं मुरुड. साधारण पन्नास किलोमीटर. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी घालून मांडव्याला उतरता येतं, त्यामुळं मुंबईकराला हा रस्ता आणखी जवळ आला. रेवदंड्यापर्यंत वाड्या आणि गावं, साळाव ओलांडलं की एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चढ-उतार आणि आंधळी वळणं. बहुतेक ठिकाणी येणारा एक, जाणारा एक. समोर एसटी लागली की मागं गाड्यांची रांग.

आता या रस्त्यावर ‘रेसर’ गाडीचा उपयोग काय?

आधी आकडे बघू. साध्या अल्ट्रोझचं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ८८ पीएस ताकद आणि ११५ न्यूटन मीटर टॉर्क देतं. पीएस म्हणजे ढोबळमानानं हॉर्सपॉवरच. मध्ये एक टर्बोवालं मॉडेल होतं, ११० पीएस आणि १४० न्यूटन मीटरचं. रेसरमध्ये नेक्सॉनकडून घेतलेलं टर्बो इंजिन आहे, १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटर, सोबत सहा गिअर.

रील बनवणारे १२० या आकड्यावर थांबतात. पण १२० पीएस मिळतात ते इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेरे घेत असतं तेव्हा. काशीदच्या चढावर इंजिन एवढं ताणून कोणी चालवत नाही. तिथं माणूस तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. म्हणून कामाचा आकडा दुसरा, टॉर्कचा.

टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. सायकलवर चढाला उभं राहून पहिलं पॅडल दाबता तो जोर म्हणजे टॉर्क. तोच जोर किती भरभर लावता येतो त्यावर पॉवर ठरते. हिशोबही सोपा आहे. टॉर्कला फेऱ्यांनी गुणायचं आणि ७,०२४ नं भागायचं, उत्तर पीएसमध्ये येतं. रेसरचा १७० न्यूटन मीटर टॉर्क १,७५० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो. म्हणजे दोन हजार फेऱ्यांवर तिच्याकडं साधारण ४८ पीएस असतात. साध्या अल्ट्रोझला ११५ चा पूर्ण टॉर्क तीन हजारांच्या पुढं मिळतो. तरी तिला दोन हजारांवरच पूर्ण टॉर्क मिळाला असं धरलं, तर आकडा येतो ३३.

कागदावर फरक ८८ आणि १२० चा, म्हणजे ३६ टक्के. रोजच्या वापरातल्या फेऱ्यांवर तोच फरक ४५ टक्क्यांच्या पुढं जातो. पट्टे चिकटवलेत म्हणणारा गट इथं चुकतो.

ही करामत टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये तो एक छोटी पंखी फिरवतो, तिच्याच दांड्यावरची दुसरी पंखी बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून तेवढ्याच इंजिनातून जोर जास्त. फुकट मात्र काही नसतं. ताकद वापरली की पेट्रोल जळतंच. आणि धूर पुरेसा जमेपर्यंत पंखी सुस्त असते, तो क्षणभराचा उशीर टर्बो गाडी पहिल्यांदा चालवणाऱ्याला दचकवतो. आधी काहीच नाही आणि मग एकदम धक्का.

ओव्हरटेकचं गणित यावरच बसलंय. ताशी ७० च्या वेगानं गाडी सेकंदाला १९ मीटरहून जास्त जाते. समोरून येणाराही त्याच वेगात असेल तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला जवळजवळ ३९ मीटरनं कमी होतं. एसटीला मागं टाकायला दोन सेकंद कमी लागले, तर सुमारे ७८ मीटरची मोकळीक मिळाली. पॉवरफुल छोट्या गाडीचा खरा फायदा हा, आणि तो सुरक्षेचाच फायदा आहे.

पण पुढचा रस्ता दिसत असेल तरच. वळणापलीकडं काय आहे हे १७० न्यूटन मीटरला दिसत नाही. मोठ्या इंजिनाच्या भरवशावर माणूस जिथं एरवी थांबला असता तिथं घुसतो, आणि मिळालेले दोन सेकंद तिथंच खर्च होतात. शिवाय या सगळ्या गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर जातो. वळायचं कामही त्याच चाकांना. पावसाळ्यात ओल्या वळणावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की चाकाची पकड जोर पेलण्यात संपते, वळायला उरत नाही, आणि स्टिअरिंग फिरवलेलं असूनही गाडी सरळ जाऊ लागते. सरळ म्हणजे या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी समुद्राच्या बाजूला. कायद्याचं म्हणाल तर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार अशा दुपदरी रस्त्यावर कारला कमाल वेग ताशी ७० आहे. राज्याला तो आणखी कमी करता येतो, वाढवता येत नाही.

म्हणून फक्त इंजिन बदललं म्हणजे गाडी स्पोर्टी झाली असं होत नाही. याचं चांगलं उदाहरण ह्युंदाईनं २०२१ मध्ये दिलं. आय-ट्वेंटी एन लाईनमध्ये त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. आधीच्या टर्बो आय-ट्वेंटीचंच १२० पीएसचं इंजिन ठेवलं, पण सस्पेन्शन कडक केलं, स्टिअरिंग जड केलं, मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक दिले. वळणांच्या रस्त्यावर हे बदल हॉर्सपॉवरपेक्षा आधी जाणवतात. शोरूममध्ये गेल्यावर ‘झिरो टू हंड्रेड किती’ याच्या आधी विचारावं, मागं डिस्क आहे की ड्रम, टायर कितीचा, सस्पेन्शन वेगळं आहे का.

छोटी गाडी घेऊन तिला तिखट करायचा खेळ तसा जुना. १९६१ मध्ये जॉन कूपर यांनी ब्रिटनच्या चिमुकल्या मिनीला तयार करून मिनी कूपर आणली. १९६४ मध्ये तिच्याच कूपर एस मॉडेलनं माँटे कार्लो रॅली मारली. १९७६ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय विकायला काढली. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्यांचा होता, पुढं लाखांनी विकल्या. त्या पहिल्या जीटीआयला होते ११० पीएस, म्हणजे रेसरपेक्षा कमी. पण ती बरीच हलकी होती.

भारतातल्या अशा गाड्यांचा इतिहास मात्र महाराष्ट्राभोवती फिरतो, आणि त्याकडं फारसं कोणाचं लक्ष जात नाही. २००१ ची फियाट पॅलिओ कुर्ल्याच्या कारखान्यातली, जाहिरातीत सचिन तेंडुलकर. तिचं १.६ लिटरचं मॉडेल १०० बीएचपीचं होतं, त्या काळच्या हॅचबॅकमध्ये हा आकडा दचकवणारा होता. २०१३ मध्ये फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय आली, १०५ पीएस आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

आणि २०१५ मध्ये आली या सगळ्यांची दादा गाडी, अबार्थ पुंटो. पुण्याजवळच्या रांजणगावातली. कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक, म्हणून त्यांच्या कंपनीचं चिन्ह विंचू. तो विंचू छातीवर लावून ही पुंटो ९ लाख ९५ हजारांना दिल्लीच्या शोरूममध्ये उभी राहिली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसऱ्या कोणत्या हॅचबॅकमध्ये नव्हती. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, म्हणजे चार माणसं बसवून गावातल्या स्पीडब्रेकरवरून जाताना देवाचं नाव घ्यायचं.

तिचं पुढं काय झालं? गाडीचं कौतुक झालं, पण फियाटची शोरूम आणि सर्व्हिस सेंटर आधीच कमी होती. काही वर्षांत पुंटोच बंद झाली आणि फियाट भारतातल्या कार बाजारातून बाहेर पडली. रांजणगावच्या त्याच कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनायला लागली होती, तीच चालू राहिली.

बाकीच्यांची गतही वेगळी नाही. मारुतीनं २०१७ मध्ये बलेनो आरएस आणली, ती तीनेक वर्षांत गेली. टाटांनी कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जसोबत २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली, ११४ पीएसची, सहा लाख ३९ हजारांना. २०२० मध्ये तो संसारही मोडला. फोक्सवॅगननं २०१६ मध्ये १९२ पीएसची पोलो जीटीआय बाहेरून आणून विकली, फक्त ९९ गाड्या, किंमत जवळजवळ २६ लाख. ती विकण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त होती म्हणा ना.

कौतुक होतं आणि विक्री होत नाही, असं का? ‘किती देते?’ हा प्रश्न सगळ्यांना माहितीय. त्याहून मोठं कारण म्हणजे घरातलं मतदान. दहा लाख रुपयांत उंच बसायची, खड्ड्यांत न घासणारी छोटी एसयूव्ही येते. रेसर फक्त मॅन्युअल गिअरमध्ये आली, म्हणजे ऑटोमॅटिक हवी असणारं घरातलं एक मत आधीच कमी. कंपन्यांनाही हे माहीत असतं. अशी गाडी बऱ्याचदा बाकीच्या मॉडेल्सकडं लोकांची नजर वळवायला आणली जाते.

दुसरं कारण करातलं. आपल्याकडं चार मीटरपेक्षा लांब नाही आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत, तरच गाडी ‘छोटी’ धरतात आणि कर कमी लागतो. अबार्थ पुंटो लांबीत बसत होती, पण १,३६८ सीसीमुळं मोठ्या गाडीचा कर भरत होती. पोलो जीटी १,१९७ सीसी, रेसर १,१९९ सीसी, बलेनो आरएस ९९८ सीसी. हे आकडे योगायोगानं आलेले नाहीत. करानं आखलेल्या कुंपणाच्या आत राहून ताकद वाढवायची तर टर्बोशिवाय रस्ता नाही.

यातून एक पळवाट निघते, ती म्हणजे साधी गाडी घेऊन गॅरेजवाल्याकडून तिखट करून घेणं. इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलायची, सायलेन्सर बदलायचा, झालं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही सांगतात की कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. कंपनीच्या रेसरचा घुमणारा सायलेन्सर मंजुरीच्या चाचण्यांतून गेलेला असतो, गॅरेजमधला नसतो. अपघात झाल्यावर विमा कंपनी आणि वॉरंटीवाले दोघंही आधी हेच तपासतात. म्हणून दमदार गाडी हवीच असेल तर कंपनीनं बनवलेली परवडते.

मुरुडला पोचल्यावरची एक गोष्ट मात्र कोणत्याच ब्रोशरमध्ये नसते. रीलसाठी गाडी पुळणीवर उतरवणं. अल्ट्रोझचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे. ओल्या वाळूत चाक फिरलं की टॉर्क जितका जास्त तितकं ते पटकन खाली रुततं, आणि भरती वाट बघत नाही. गाडी बाहेर निघाली तरी खारं पाणी ब्रेकच्या डिस्कवर आणि खालच्या पत्र्यावर बसतं. किनाऱ्यावर राहणारे आपल्या गाड्या खालून गोड्या पाण्यानं धुतात ते उगीच नाही.

आता बाजाराची स्थिती. मे २०२५ मध्ये टाटांनी नव्या रूपातली अल्ट्रोझ आणली. इंजिनं तीन, साधं पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल. टर्बो पेट्रोल त्या यादीत नव्हतं. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. १,२०० सीसीच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर पूर्वी सेस धरून २९ टक्के लागायचे, ते १८ झाले. कुंपणाबाहेरच्या गाडीला ४० टक्के. अबार्थसारखी १.४ लिटरची गाडी आज कोणी बनवली, तर तिला दुपटीहून जास्त कर भरावा लागेल.