उंबरठा किती उंच?

सकाळी 7.10
पालघर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरेपर्यंत चहा. पिशवीत जीपीएस, टेप आणि एक रंगीत प्रिंट: रावणताडाला कुठली जागा मानवेल, याचा मॅक्सेंट या संगणकीय पद्धतीने काढलेला नकाशा; जितकी योग्य जागा, तितकी लाल. ही पद्धत फिलिप्स, अँडरसन आणि शापायर यांनी 2006 साली मांडली. झाड जिथे सापडलं त्या नोंदी आणि सगळ्या परिसराचं हवामान, एवढंच तिला द्यावं लागतं. झाड कुठे नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

7.45
शिरगावचा किल्ला. 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला. आवारात रावणताड, म्हणजे फांद्या फुटलेला ताड. साध्या ताडाला फांदी नसते. इथे एका धडाला अनेक डोकी. बुंध्याचा घेर घेते तोवर शेजारचे काका आले.

"ताई, मोजून काय करणार?"

"अशी झाडं अजून कुठं मिळतील, ते शोधतेय."

"हे कुणीतरी लावलं असेल. किल्ल्यात आपसूक कशाला उगवेल?"

वहीत लिहिलं: लावलेलं?

9.30
खाजणाच्या कडेला. नकाशात इथला सगळा पट्टा लाल, पायाखाली भरतीचा चिखल. हवामानाची एक चौकट साधारण 1 किलोमीटरची. त्या एकीतच किल्ला, घरं, सुरूचं बन, वाळू आणि खाजण. लाल रंग हवेला मिळालाय, मातीला नाही.

दुपारी 1.00
पालघरला खानावळीत सुका बोंबील आणि अहवालाचा मसुदा. सहकाऱ्याने लिहिलंय: चौकटीला मॅक्सेंटचे गुण 0.7 म्हणजे झाड असण्याची शक्यता 70 टक्के. खोडलं. 0.4 च्या चौकटीपेक्षा 0.7 ची चौकट ओळखीच्या जागांशी जास्त जुळते, इतकंच म्हणता येतं. मुळात झाड किती जागी आहे, हे माहीत नसताना टक्केवारी कशाची सांगणार?

3.00
आता उंबरठा: कुठल्या आकड्यापासून पुढे 'योग्य' म्हणायचं? समजा, नोंदी 20. सर्वांत कमी गुण मिळवलेल्या नोंदीवर रेघ मारली, तर माहितीतलं एकही झाड बाहेर राहत नाही. पण नेमकी तीच नोंद कुणी पाणी घालून जगवलेल्या झाडाची निघाली, तर तिच्या जोरावर नको तेवढा मुलूख आत येतो. तळाच्या 10 टक्के नोंदी सोडल्या, तर दोन झाडं बाहेर जातात आणि नकाशा आवरतो.

4.30
रोपवाटिकेतून फोन. "मॅडम, आकडे नकोत. लावू की नको, तेवढं सांगा."

म्हणून दोन नकाशे केले. शोधायला जाणाऱ्यांसाठी उंबरठा खाली: फुकट हेलपाटा पडला तर एक दिवस जाईल, पण दुर्लक्षित झाड कुऱ्हाडीखाली गेलं तर परत येणार नाही. लावणाऱ्यांसाठी उंबरठा वर: चुकीच्या जागी रोप मेलं की वर्षभराचं पाणी आणि मजुरी गेली. संगणक दोन्ही रेघा तितक्याच सहज मारतो. कुठली चूक कुणाला महागात पडेल, हे त्याच्यापाशी नाही.

6.15
विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळाली. लॅपटॉपवर नोंदींचा तक्ता उघडला: अक्षांश, रेखांश, तारीख, फोटो. शेवटी एक नवा रकाना जोडला, 'कुणी लावलं?' शिरगावसमोर काकांचं म्हणणं प्रश्नचिन्हासकट उतरवलं. बाकीच्या ओळी कोऱ्या. तिथे हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता.